बिबिजानच्या डब्यातली साखर

जुन्नरच्या बाजारपेठेत तय्यब बेकरीवाल्याकडे वजनकाटा होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी. स्वतःसाठी त्याला पंजा पुरायचा. मैद्यात हात घालायचा, मूठ वर काढायची आणि म्हणायचं, "शंभर ग्रॅम." कुणी हट्टाने काट्यावर टाकून पाहिलंच तर चार-दोन ग्रॅम इकडे-तिकडे, त्यापलीकडे चूक नाही. खारी, टोस्ट, नानकटाई, सगळं असंच हातावर चाललेलं. जिभेचंही तेच. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली एक नानकटाई तो चाखायचा आणि मगच ट्रे पुढे सरकायचा. त्या जिभेने एकदा निकाल दिला की विषय संपला. तय्यबभाईला पटवण्यापेक्षा शिवनेरी दोनदा चढलेली परवडली, असं बाजारात उगाच म्हणत नव्हते.

माणूस वाईट होता का? छे. उलट जास्तच चांगला होता, आणि घोळ तिथेच होता. दुसऱ्याचं भलं कशात आहे हे त्याला त्या दुसऱ्याआधी कळायचं, आणि मग तो ते न विचारता करून मोकळा व्हायचा. मुलगा मोहसीन बेकरीत बसायचं म्हणत होता. याने परस्पर चाकणच्या कंपनीत त्याचा अर्ज भरला, खाली सहीसुद्धा ठोकली. पोराला नोकरी लागली, बरी लागली. असं दोन-चारदा जमून गेलं की माणसाला वाटायला लागतं, आपलं गणित चुकतच नाही.

बायको बिबिजान आंबेगावातली, घोडेगावची. तोंडाळ, हसरी आणि गोडघाशी. तिच्या चहात साखर एवढी, की पाहुणे म्हणायचे, भाभी, थोडा चहापण घाला. (घरात ही माणसं दखनी बोलतात, बाहेर मराठी. आपण मराठीतच ऐकू.) पन्नाशी ओलांडली तसं तिचं वजन वाढलं, गुडघे बोलायला लागले आणि दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वजन उतरवा, साखर बंद.

बंद म्हणजे बंद. तय्यबने त्याच दिवशी घरातली साखर उचलली, गूळ उचलला, पिठीसाखरेची बरणी उचलली आणि सगळं बेकरीत नेऊन टाकलं. बिबिजानला त्याने गोडीच्या बारीक गोळ्यांची डबी आणून दिली. तिने एक गोळी चहात टाकली, एक घोट घेतला आणि कप मोरीत ओतला.

"ह्यो चहा न्हाई, काढा हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओतला, तिसऱ्या दिवशी ओतला. चौथ्या दिवसापासून तिने चहाच सोडला, आणि चहाबरोबर बोलणंही. सकाळी ओट्याशी उभी राहून गल्लीभर ऐकू जाईल असं हसणारी बाई खिडकीशी गप्प बसायला लागली. पस्तीस वर्षांच्या संसारात तय्यबने तिला रागावलेली पाहिली होती, रडतानाही पाहिली होती, गप्प मात्र कधी पाहिली नव्हती. ते त्याला सोसेना.

तशात पुण्याहून बेकरीचा माल पुरवणारा एक माणूस आला. त्याने पिशवीतून पांढरी दाणेदार पावडर काढून तय्यबच्या तळहातावर ठेवली. दिसायला साखर, चमकायला साखर. तय्यबने चाखली. गोड होती. जिभेवर किंचित गार लागत होती, मागून एक पुसटशी वेगळी चव येत होती, पण त्याला सरावलेली जीभ हवी.

"साखर न्हाई ही," तो माणूस म्हणाला. "रक्तातली साखर वाढवत न्हाई. लोक वजनासाठी घेत्यात."

तय्यबने तीन रात्री डोकं लढवलं. वेलदोडा कुटून घातला, तो गारवा झाकला. जायफळाची चिमूट घातली, मागची चव गेली. चौथ्या दिवशी सकाळी त्याने बिबिजानचा जुना साखरेचा डबा धुऊन-पुसून त्या पावडरीने गच्च भरला आणि तिच्यासमोर ठेवला.

"डॉक्टरला विचारलं मी," तो म्हणाला. "दिवसाला चार चमचे चालतील, म्हणाला. पण डबा मी भरणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

डॉक्टरला त्याने काडीचंही विचारलं नव्हतं. बिबिजानने चहा केला, दोन चमचे घातले, घोट घेतला आणि डोळे मिटले. मग इतकी हसली की सून आरफा आतून धावत आली. त्या दिवशी तय्यबला जे वाटलं, ते निकाहाच्या दिवशीही वाटलं नसेल. आपण जगातली सगळ्यांत चांगली लबाडी केली, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तो चुकला असं म्हणवत नाही.

सव्वा वर्ष हे चाललं. डबा रिकामा व्हायच्या आत तय्यब तो भरायचा. बिबिजान माहेरी, शेजारी, लग्नात, जिथे जाईल तिथे सांगायची, आमच्या ह्यांनी डॉक्टरशी भांडून मला साखर मिळवून दिली. तय्यब शेजारी उभा राहून मिशीत हसायचा.

त्याच पावडरीची नानकटाई त्याने दुकानातही काढली. 'शुगर फ्री' अशी पाटी लागली आणि मधुमेहवाल्यांची रांग लागली. पण गंमत बघा, साखर नाही म्हटल्यावर माणसाचा हातच सुटतो. एरवी दोन खाणारा सहा खायला लागला. मैदा तोच, वनस्पती तूप तेच, बदललं फक्त गोड. बिबिजानही चहाबरोबर मूठभर खायची, कारण ती तर पाटीवरच 'फ्री' होती. तिचं वजन उतरायचं सोडून चार किलोंनी चढलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर चढलेली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साखर घेता का?"

"घेते की," बिबिजान म्हणाली. "दिवसाला चार चमचे. तुमीच तर परवानगी दिली ह्यांना!"

डॉक्टरांनी तय्यबकडे पाहिलं. खरं बोलायची ती वेळ होती. एक वाक्य, दहा शब्द. तय्यबने तोंड उघडलं. मग त्याला तो मोरीत ओतलेला कप दिसला, खिडकीशी बसलेली बिबिजान दिसली. त्याने तोंड मिटलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांना वाटलं, नवरा बायकोचे लाड करतोय. त्यांनी त्याला चार शब्द सुनावले, ते त्याने निमूट ऐकले. आणि चार चमच्यांच्या हिशेबाने त्यांनी सकाळची गोळी वाढवून दिली.

आरफाही सोबत आली होती. तिला डॉक्टरांनी समजावलं, "डोस वाढवलाय. कधी घाम सुटला, हात थरथरले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर साखर उतरली समजायचं. चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची. पंधरा मिनिटं थांबायचं, फरक पडला नाही तर पुन्हा पाजायची." आरफा बारावी शिकलेली, नीटनेटकी पोर. तिने ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. तय्यब रोज पाणी प्यायला फ्रिज उघडायचा. कागद दिसायचा, पण त्यातला 'साखर' हा शब्द आपल्या घराला लागू नाही, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. चाळीस वर्षं साखरेत हात घातलेल्या माणसाला डब्यात आहे ती साखरच, असं स्वतःलाही वाटायला लागलं होतं.

जानेवारीतला मंगळवार. तय्यब आपला छोटा टेम्पो घेऊन डिंगोऱ्याला गेला होता. तिथल्या दोन दुकानांत माल टाकला की तो नेहमी तुळशीदासकडे थांबायचा. तुळशीदास निवृत्त आरोग्यसेवक, गावोगाव लसीची पेटी घेऊन हिंडलेला, तय्यबचा जुना दोस्त आणि गेलं वर्षभर शुगर फ्रीचं पक्कं गिऱ्हाईक.

"जय भीम, या पावणं," तुळशीदास ओसरीवरून म्हणाला. "तुमच्या नानकटाईनं माझी पँट बसंना झाली, राव."

"शुगर फ्री म्हंजी खाणंबी फ्री, असं झालंय ह्यांचं," त्याची बायको द्रौपदा चहा ठेवत म्हणाली. "एका बैठकीला अर्धा पुडा."

तय्यब हसत कप उचलणार, तेवढ्यात फोन वाजला. आरफा होती.

"अब्बा, अम्मीला कसंतरी व्हायलंय. घामानं न्हायल्यात, हात कापतायत. मला म्हणल्या, मोहसीन शाळंतून आला का. मला वळखत न्हाईत, अब्बा." तरी ती नीट बोलत होती. "मी डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलं. डब्यातली चार चमचे साखर पाण्यात घालून पाजली. आता पाच मिनटं झाली."

तय्यबचा धक्का लागून कप कलंडला, चहा मांडीवर सांडला, तो त्याला जाणवलासुद्धा नाही.

इथे तो ओरडला असता तर? पण माणूस मोठा चमत्कारिक प्राणी. बायको मरणाच्या दारात आणि याचं मन अजून झाकली मूठ धरून बसलेलं. तो म्हणाला, "आरफा, असं कर. शेजारच्या ठकूबाईकडनं गूळ आण. गूळ दे तिला."

"गूळ कशाला, अब्बा? साखर दिली की! पंधरा मिनटं थांबायला सांगितलंय."

"ऐक माझं. गूळ आण."

"मी अम्मीला सोडून कशी जाऊ? त्या पडतील. कागदावर सगळं लिवलंय, मी तसंच करतीया. दहा मिनटांनी परत साखरच देते. मी डॉक्टरांना फोन लावते, तुमी निघा."

फोन बंद झाला.

तय्यबने परत लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. आरफा डॉक्टरांना लावत असणार. पोर शहाणी होती, एकेक गोष्ट बिनचूक करत होती आणि तिची प्रत्येक बिनचूक गोष्ट बिबिजानला खाली ढकलत होती. दहा मिनिटांनी ती त्याच डब्यातले आणखी चार चमचे घालणार होती. मग पुन्हा पंधरा मिनिटं थांबणार होती.

"काय झालं, तय्यबभाई?" तुळशीदास उठून उभा राहिला.

"बिबीची साखर उतरलीय."

"मग घाबरता काय? साखर पाजायला सांगा. दहा-पंधरा मिनटांत माणूस उठून बसतंय. मी शंभरदा बघितलंय."

"पाजली."

"मग झालं की."

ओसरीवर द्रौपदा होती, समोर दोस्त होता. त्याने फोनकडे पाहिलं. अजून व्यस्तच.

"ती साखर न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"डब्यात साखर न्हाईच, तुळशीदास. नानकटाईत घालतो ती पावडर हाय. सव्वा वरीस झालं. मी भरतो. घरात कुणाला म्हाईत न्हाई."

तुळशीदासचा आवाज एकदम बदलला, लसीच्या रांगेत लोकांना दरडावायचा तसा. "अरं, नुसत्या गोड लागण्यानं काय व्हतंय? रक्ताला साखर पायजे, खरी साखर. त्या पावडरीचं पिंप पाजलं तरी ती उठायची न्हाई! किती येळ झाला?"

"आठ-नऊ मिनटं."

"घरात दुसरं काय गोड?"

"काय न्हाई. मीच सगळं उचलून बेकरीत ठिवलं. बेकरी पार दुसऱ्या टोकाला, आन किल्ली..." त्याने खिसा चाचपला. किल्ली त्याच्याच खिशात होती.

द्रौपदाने स्वतःचा फोन पुढे केला. "ह्याच्यावरनं लावा. आमच्या फोनला रेंज बरी असती."

तय्यबची बोटं आकड्यांवर बसेनात. तुळशीदासने फोन हिसकावून घेतला, नंबर विचारून लावला. एकदा व्यस्त. दुसऱ्यांदा व्यस्त. तिसऱ्यांदा वाजला, वाजत राहिला, बंद पडला. तय्यब ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर आरफा दिसत होती. एका हाताने सासूला सावरणारी, दुसऱ्या हाताने डब्यातून चमचे मोजणारी, एक, दोन, तीन, चार.

चौथ्यांदा तिने उचलला.

"आरफा!" तय्यब ओरडला. आवाज असा फाटला की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला. "त्या डब्यातली साखर साखर न्हाई! तू पाजलंस त्यात कायबी न्हाई. खोटी हाय ती, मी भरली. ठकूबाईकडं पळ, गूळ आण, साखर आण, काय मिळंल ते आण!"

पलीकडून रिकामा पेला ठेवल्याचा आवाज आला.

"आरफा, ऐकलं का? मी फसवलं. सगळ्यांना फसवलं. पळ, माझी आई, पळ!"

"मी आत्ता परत चार चमचे पाजले, अब्बा," आरफा म्हणाली. ती एवढंच बोलली. मग फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आवाज आला आणि लांबून तिची हाक ऐकू आली, "ठकूमावशी! ओ ठकूमावशी!"

तुळशीदास फोनमध्ये ओरडत होता, "गिळत आसंल तरच पाजा! गिळत नसंल तर हिरड्यांना चोळा आन दवाखान्यात न्या!" पण तिकडे ऐकायला कोणी नव्हतं. फोन तसाच चालू होता. तय्यब तो कानाला लावून उभा होता. त्यातून एक आवाज येत होता, जड, घरघरल्यासारखा. पस्तीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला तो श्वास ओळखायला काही वेळ लागला नाही. मग तोही ऐकू येईनासा झाला. फोन तुटला होता की श्वास, हे कसं कळणार?

टेम्पो तुळशीदासने चालवला. बनकरफाटा मागे पडला आणि खिंडीत शिरताच फोनची रेंज गेली. मागच्या बाजूला नानकटाईचे ट्रे खडखडत होते. तय्यब फोन हातात धरून पडद्याकडे बघत होता. एक उसाची ट्रॉली पुढे रखडत चालली होती. तुळशीदास हॉर्नवर हात ठेवून होता, वाट मिळत नव्हती.

"ती मेली तर मी मारली," तय्यब म्हणाला.

तुळशीदासला खोटा दिलासा देता आला असता. त्याने दिला नाही. "डॉक्टरला तरी म्हाईत व्हतं का?" त्याने विचारलं.

"न्हाई. तिनं चार चमचे सांगितलं, त्यानं गोळी वाढवली. मी शेजारी बसलो व्हतो."

तुळशीदासने ट्रॉलीला कशीबशी बगल दिली. नमाजातली प्रत्येक दुआ तय्यबला तोंडपाठ होती, त्यातली एकही शेवटपर्यंत आठवेना. तो नुसतं म्हणत राहिला, या अल्ला, त्या पोरीचे पाय चालू दे.

लेण्याद्रीचा डोंगर दिसायला लागला तसा फोन खणाणला. आरफाचे पाच मिस्ड कॉल एकदम आले. पाच! चांगल्या बातमीला कोणी पाच फोन करतं का? त्याने लावला.

"दवाखान्यात आणलंय," आरफा म्हणाली. मागे गलका होता. "ठकूमावशीनं गुळाचं पाणी केलं, दोन घोट गेले, मग दातखीळ बसली. मावशीनं बोटानं हिरड्यांना गूळ चोळला. डॉक्टर फोन उचलत नव्हते, मग रिक्षानं आणलं. इथं मशीन लावलं तर साखर चौतीस निघाली, सत्तरच्या वर पायजे म्हणत्यात. आता शिरेतनं ग्लुकोज चाललंय."

"डोळं उघडलं का?"

"अजून न्हाई," आरफा म्हणाली. तिने फोन ठेवला. 'अब्बा' म्हणाली नव्हती, हे तय्यबच्या ध्यानात आलं.

दवाखान्याच्या पायऱ्या तो कसा चढला, त्याला आठवत नाही. बिबिजान खाटेवर होती, केस गुळाने चिकटलेले, हाताला सुई. ठकूबाई पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती. डॉक्टर नाडी धरून उभे होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ही रोज चार चमचे साखर खाते ना? मग एवढी खाली गेलीच कशी?"

खोलीत आरफा होती, ठकूबाई होती, दारात तुळशीदास होता. तय्यबने सगळं सांगितलं. पावडर, डबा, खोटी परवानगी, दिवाळीनंतरचं गप्प बसणं. काही झाकलं नाही. झाकायला उरलं काय होतं?

डॉक्टरांनी बिबिजानचा हात खाली ठेवला. मग म्हणाले, "पावडर खाल्ली म्हणून कोणी मरत नाही, तय्यबभाई. वजन तिने उतरतंच असंही छातीठोक कोणी सांगत नाही. काहींना ती मदत करते, काहींची गोडाची ओढ वाढते, अजून त्यावर वाद आहेत. यांची साखर चढली ती मुख्यतः तुमच्या मैद्या-तुपाने. मला हे माहीत असतं तर मी नानकटाई बंद केली असती. गोळी वाढवली नसती." ते थांबले. "पण तरीही चौतीस म्हणजे फारच खाली. जेवण होतं ना नीट?"

"दुपारचं ताट मी रोज वाढते," आरफा म्हणाली.

"खातात का?"

वाढलेलं ताट सासू आपल्या खोलीत नेते आणि रिकामं आणून ठेवते, एवढंच आरफाला माहीत होतं.

उत्तर दिलं ते खाटेवरून. आवाज इतका बारीक होता की सगळे एकदम वळले. बिबिजानचे डोळे अर्धवट उघडले होते.

"न्हाई खाल्लं," ती म्हणाली. "खिडकीतनं गाईला घालत व्हते."

तय्यब खाटेला धरून खाली बसला. ती जिवंत होती, बोलत होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्याला वाटलं, आता काहीही ऐकावं लागलं तरी चालेल. पण जे ऐकावं लागलं, त्याची त्याला कल्पना नव्हती.

"डॉक्टर रागावले ना दिवाळीला," बिबिजान थांबत थांबत सांगत होती. "वजन वाढलं, साखर वाढली. मला वाटलं, हे मी चार चमचे खाते त्याचंच पाप. ह्यांनी माझ्यासाठी भांडून मिळवलेली साखर, ती सोडायची तर ह्यांना वाईट वाटंल. म्हणून मग भाकरी सोडली. दुपारची बी, रातची बी अर्धी. म्हणलं, तेवढंच वजन उतरंल. दोन महिने झाले."

तय्यबने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला हात काढून घेतला नाही, पण बोटं मिटलीही नाहीत.

"मगाशी ऐकलं मी," ती म्हणाली. "डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत व्हतं. सव्वा वरीस मी गावभर सांगत सुटले, आन तुमी शेजारी उभं राहून हसत व्हता."

"बिबी, तू चहा ओतायचीस. तू बोलत नव्हतीस. मला..."

"मला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मी शिव्या दिल्या असत्या. चार दिवस रुसले असते. पन मग घेतला असता तसला चहा, तुमच्या हातचा म्हणून."

चाळीस वर्षं ज्या जिभेवर तय्यबचा भरवसा होता, ती त्याच्या तोंडात नुसती पडून राहिली.

दुपारी चारला डॉक्टरांनी परत साखर तपासली. आकडा वर आला होता. आता खायला द्या, पोटभर द्या, असं ते म्हणाले. आरफा घरी जाऊन बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आली. तय्यबने डबा घ्यायला हात पुढे केला. आरफाने तो त्याच्या हाती दिला नाही, सरळ सासूच्या मांडीवर ठेवला.

बिबिजानने भाकरीचा तुकडा मोडला. दोन महिन्यांची भूक होती. तरी घास तोंडाशी नेऊन ती थांबली. तिने तो उलटा करून पाहिला, नाकाशी नेऊन वास घेतला.

"आरफा," ती म्हणाली, "ही भाकरीच हाय ना?"

"भाकरीच हाय, अम्मी. मी थापली. माझ्या हातानं."

बिबिजान सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. समोर बसलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. मग तिने घास तोंडात घातला.